दारावरच्या रीथमधलं बिऱ्हाड

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बाबा पहिल्यांदाच एकटे इंग्लंडला, रीडिंगमधल्या आमच्या घरी आले. बाबा म्हणजे माझे सासरे. त्याआधी दोनदा आले होते ते जोडीने, आणि तेव्हा सगळं सोपं होतं. बाबांचं आणि माझं जे काही बोलणं व्हायचं ते सासूबाईंच्या मार्फत व्हायचं. त्या बाबांच्या खोलीत जायच्या आणि परत येऊन मला सांगायच्या की ह्यांना अजून एक ब्लँकेट हवंय, किंवा भाजी आवडली म्हणतायत. मीही माझा निरोप त्यांच्याकडेच द्यायची. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि बाबांशी मी सलग पाच वाक्यं कधी बोलले असेन असं मला आठवत नव्हतं. भांडण नव्हतं, राग नव्हता. दोघंही मितभाषी, एवढंच.

आता मधलं माणूस नव्हतं. माझा नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्याच्या ड्युट्या उलटसुलट. मुलगी आठ वर्षांची, ती दिवसभर शाळेत. मी आठवड्यातून दोन दिवस ट्रेनने मेडनहेडच्या ऑफिसला जायची, बाकी तीन दिवस डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून घरूनच काम. त्या तीन दिवसांत घरात आम्ही दोघंच. बाबा पुढच्या खोलीत टीव्ही लावायचे तो आवाज बंद करून, माझ्या कॉलमध्ये व्यत्यय नको म्हणून. चहा स्वतः करायचे, कप धुऊन पालथा घालायचे, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकण्याआधी दारात थांबून खाकरायचे. मीही चपला न वाजवता चालायची. एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांना जपत जपत दमून जात होतो.

सकाळी ऊन असलं की बाबा कोट, मफलर, कानटोपी असा जामानिमा करून रस्त्याच्या टोकापर्यंत चालून यायचे. एके संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, पलीकडच्या घरात कोणी गेलं का. दारावर काळं पुष्पचक्र लावलंय. आपण भेटून यायला हवं का, आणि इथे अशा वेळी काय नेतात. नवऱ्याने हसू आवरत त्यांना हॅलोवीनबद्दल सांगितलं. ते पुष्पचक्र नाही, त्याला इथे रीथ म्हणतात, आणि या दिवसांत लोक दारावर भुताखेतांचं रीथ लावतात, मुलांची गंमत असते. बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा फेरफटका लांबला. पुढच्या खोलीच्या खिडकीतून मी बघायची तर ते कुणाच्या तरी फाटकाशी हात मागे बांधून, मान वाकडी करून दाराकडे निरखत उभे असायचे.

आमच्या दारावर काही नव्हतं, आणि मुलीची त्याबद्दल तक्रार होती. सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकचं रीथ मिळत होतं, पण तिच्या मैत्रिणीने घरी बनवलं होतं, त्यामुळे हिलाही घरीच बनवायचं होतं. मी हाफ-टर्मच्या, म्हणजे शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीतल्या, सोमवारी बसू म्हणून कबूल केलं. आणि नेमकं त्याच सोमवारी आमच्या टीमचं एक मोठं काम लाइव्ह जायचं ठरलं. मला सकाळपासून कॉलवरून उठता येणार नव्हतं.

मग मी लॅपटॉप वरच्या खोलीत नेला आणि डायनिंग टेबलवर मुलीसाठी सगळं सामान मांडून दिलं. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचं भेंडोळं, कात्री, केशरी आणि हिरवी लोकर, अंड्यांचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके, काळा रंग, डिंक, पाईप क्लीनरच्या लवदार तारा, आणि ड्रायक्लीनिंगवाल्याकडून आलेले दोन तारेचे हँगर. इंटरनेटवर वाचलं होतं की हँगर वाकवून गोल करायचा आणि त्यावर पिशवीच्या पट्ट्या बांधत जायचं. वर जाण्यापूर्वी मी हँगर वाकवून पाहिला. त्याचा बटाटा झाला. मुलीने तो बटाटा हातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थोडा वेळ पट्ट्या काप, मी दहा मिनिटांत येते.

दहा मिनिटांचा तास झाला. कॉलवर माझं बोलणं नव्हतं तेव्हा मी दार किलकिलं करून खालचा कानोसा घेत होते. आधी काहीच ऐकू येईना. मग बाबांचं खाकरणं ऐकू आलं, आणि त्यांचा प्रश्न, "पक्कड आहे का घरात?"

पक्कड हा शब्द मुलीला माहीत नव्हता. बाबांनी हाताने करून दाखवलं असावं, कारण जिन्याखालचं कपाट उघडल्याचा आवाज आला. बाबा वीज मंडळात होते. कराडच्या आसपासच्या गावांतल्या तारा आणि मीटर यांत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी घरातली वायर लोंबकळताना दिसली की त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा. तार सरळ करताना होणारा तो बारीक करकर आवाज, आणि मध्ये मध्ये मुलीचे हुकूम. तिला आम्ही शिकवलं होतं की आजोबांना तुम्ही म्हणायचं. ती दोन्ही एकत्र करायची. "आजोबा, तू हे धरा. मी बांधते." बाबा धरत होते.

पुढच्या तासाभरात खाली काय चाललंय याचा अंदाज मला आवाजांवरून येत होता. कात्रीचा एकसुरी आवाज बाबांचा, कारण त्यांना पट्ट्या एकाच रुंदीच्या हव्या होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज मुलीचा. एकदा ती वर पळत आली आणि माझ्या कानात सांगून गेली की काट्याचमच्यातल्या काट्यावर लोकर गुंडाळून आजोबांनी गोंडा केला आणि तो परफेक्ट पंपकिन झाला. मग भाजका वास आला. आणि मग, मी माइक चालू करून टेस्टिंगचे निकाल सांगत असताना, घरातला स्मोक अलार्म कर्कश वाजायला लागला.

मी तशीच खाली धावले. स्वयंपाकघरात निळसर धूर होता. मुलगी टॉवेल हलवून अलार्मला वारा घालत होती. बाबा गॅससमोर उभे, एका हातात पकडीत धरलेला लालबुंद खिळा, दुसऱ्या हातात नारळाची करवंटी. आदल्या दिवशी मी चटणीसाठी नारळ फोडला होता. करवंटी फेकायला बाबांचं मन झालं नव्हतं, त्यांनी ती घासून लख्ख करून खिडकीत ठेवली होती. मुलीला चेटकिणीची कढई हवी होती, तिच्यातून हिरवं विष उतू जाताना दाखवायचं होतं. करवंटी तारेने रिंगणाला बांधायची तर भोकं हवीत, आणि भोकं पाडायला खिळा तापवावा लागतो. बाबांनी हे सगळं मला दोन वाक्यांत सांगितलं, खिळा अजून हातातच होता. चेहरा असा, की आता आपल्याला कराडला परत पाठवणार.

मला हसू फुटलं. ते थांबेना. मुलगी हसायला लागली, आणि मग बाबाही, खांदे हलवत, आवाज न करता. मी खिडकी उघडली, वर जाऊन टीमला सांगितलं की घरात सगळं ठीक आहे, आणि जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन त्यांच्याबरोबर टेबलाशी बसले.

रिंगण सुरेख झालं होतं. बाबांनी दोन्ही हँगर सरळ करून, एकमेकांत पीळ घालून, जोडावर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. वर्तुळ इतकं गोल, की ताटाभोवती आखलंय असं वाटावं. त्यावर निम्म्या भागात पिशवीच्या पट्ट्या गच्च बांधून झाल्या होत्या. पट्टी रिंगणाखालून घ्यायची, गाठ मारायची, टोकं बाहेर सोडायची, आणि ती आधीच्या गाठीला चिकटून सरकवायची. एकेक पट्टी क्षुल्लक दिसते. शंभरेक झाल्या की काळ्या पिसांचं दाट जावळ तयार होतं. अंड्यांच्या खोक्यांची वटवाघळं वाळत होती. मीही एक पट्टी उचलली.

मुलगी रंग धुवायला बाथरूममध्ये गेली तेव्हा आम्ही दोघंच टेबलाशी होतो. बाबा खाली मान घालून गाठ मारत होते. तसेच, वर न बघता म्हणाले, "तुझ्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही. आधी ती होती ना मध्ये."

मी म्हटलं, "मलाही नाही सुचत, बाबा."

ते हं म्हणाले. मी पुढची पट्टी घेतली, त्यांनी पुढची. मग त्यांनी विचारलं की कॉलवर मी एवढं कुणाला समजावत असते. मी त्यांना माझं काम काय ते सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच सांगत होते. लोकांनी बनवलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधायचं काम. बाबा म्हणाले, म्हणजे लाइन चालू करण्याआधी मेगर लावून बघतात तसं. मेगर म्हणजे तारेतून वीज कुठे गळत नाही ना ते तपासायचं यंत्र, हे त्यांनी मला समजावलं. बरोबर तसंच, मी म्हटलं.

रीथ संध्याकाळी दारावर चढलं. वर तीन वटवाघळं, बाजूला लोकरीचे केशरी भोपळे, पाईप क्लीनरचा एक कोळी, आणि खाली मधोमध करवंटीची कढई, काठावरून हिरवी लोकर ओघळणारी. उन्हाळ्यात मी आणि नवऱ्याने मिळून दार गडद निळं रंगवलं होतं आणि मला त्या रंगाचा फार अभिमान होता, त्यामुळे खिळा ठोकायचा नाही ही अट मी घातली होती. बाबांनी दाराच्या वरच्या कडेत अडकणारा पत्र्याचा हूक लावला. त्याच आठवड्यात दिवाळीही होती. उंबऱ्यात पणत्या आणि दारावर चेटकिणीची कढई, असा आमचा सण झाला.

हॅलोवीनच्या संध्याकाळी बाबा दारामागे खुर्ची टाकून चॉकलेटांचा वाडगा मांडीवर घेऊन बसले. त्या दिवशी मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायला येतात. बेल वाजली की बाबा उठायचे. चादर पांघरलेल्या एका चिमुकल्या भुताला त्यांनी वाकून नमस्कार केला, तर ते भूत बापाच्या पायामागे दडलं आणि मग हळूच हात जोडून बाहेर आलं. शेजारच्या बाई, निवृत्त शिक्षिका, खास रीथ बघायला आल्या. बोट लावून त्यांनी विचारलं की ही कढई कशाची. बाबा म्हणाले, "कोकोनट." बाईंनी पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या की आपल्या रस्त्यावर असं कुणाकडे नाही. ते मी भाषांतर करून सांगायच्या आधीच बाबांना कळलं होतं.

नोव्हेंबर सरला तरी रीथ उतरलं नाही. नवरा म्हणायचा मी काढतो, मी म्हणायची रविवारी काढू. डिसेंबरात मुलीने त्याला लाल रिबिनीचा बो लावला आणि ते ख्रिसमसचं झालं. जानेवारीच्या पावसात वटवाघळांचा लगदा होऊन पायरीवर पडला, भोपळे भिजून करडे झाले, कोळी उडून गेला. उरलं काळं रिंगण, त्याची दाट झुलपं आणि करवंटी. दारावर छोटंसं छप्पर आहे, म्हणून तेवढं टिकलं. मार्च उजाडला तेव्हा मला ते बघवेना. एका शनिवारी मी कात्री घेऊन पुढच्या दाराकडे निघाले.

बाबा पुढच्या खोलीच्या खिडकीत होते. ती खिडकी भिंतीच्या बाहेर आलेली आहे, तिच्यातून दार बाजूने दिसतं. "थांब," ते म्हणाले. मला त्यांनी असं कधीच अडवलं नव्हतं, त्यामुळे मी जागच्या जागी थांबले. त्यांनी बोटाने खिडकीजवळ बोलावलं. पायरीच्या कठड्यावर एक रॉबिन बसला होता, तांबूस छातीचा, चोचीत शेवाळाचा झुबका. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि सरळ आमच्या दाराकडे उडाला. काळ्या पट्ट्यांत शिरला. थोड्या वेळाने चोच रिकामी करून बाहेर पडला.

बाबा दोन दिवस बघत होते म्हणाले. आधी त्यांना वाटलं की करवंटीत वाऱ्याने पाला जमतोय. तो पाला नव्हता. तळाशी सुकी पानं, त्यावर शेवाळ, आणि मधूनमधून आमचीच हिरवी लोकर. मुलगी खिडकीशी नाक लावून म्हणाली, "आजोबा, ती पक्षी माझा लोकर घेतली."

मी शेजारच्या बाईंना विचारायला गेले. त्यांनी आधी आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि मग गंभीर होऊन सांगितलं की घरटं बांधायला लागल्यापासून पिल्लं उडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, इथे कायद्यानेच बंदी आहे. आणि दार उघडझाप होत राहिलं तर पक्षीण घरटं सोडून जाईल. मी विचारलं की मग आम्ही घरात जायचं कसं. बाईंनी आमच्या बाजूच्या बोळाकडे बोट दाखवलं, जिथे कौन्सिलचे कचऱ्याचे डबे असतात.

पुढचं दार त्या दिवसापासून बंद. बोळातून डबे चुकवत मागच्या अंगणात यायचं आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत. मला वाटलं होतं की चार दिवसांत सगळे वैतागतील. नवरा पहिल्याच सकाळी ड्युटी संपवून आला आणि सवयीने पुढच्या दाराशी किल्ली काढली. खिडकीत बाबा दोन्ही हात हलवून त्याला परतवत होते, विमानतळावर विमानाला दिशा दाखवतात तसे. नवऱ्याने हात जोडले आणि बोळाकडे वळला.

मुलीने पुठ्ठ्यावर पाटी लिहिली. मागच्या फाटकाने या, इथे पक्षी आहे. बाबांच्या आग्रहाने इंग्रजीखाली मराठीतही, "कृपया मागील दाराने यावे." मी म्हटलं, बाबा, इथे मराठी कोण वाचणार. पाडव्याला नवऱ्याच्या हॉस्पिटलातलं एक पुण्याचं जोडपं जेवायला आलं, त्यांनी वाचली, आणि बाबांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या वर्षी गुढी मागच्या अंगणात उभी राहिली.

पाटी न वाचणारेही खूप असतात. पार्सलवाले, वाणसामानाचे क्रेट आणणारे, पत्रकं टाकणारे. त्यांच्यासाठी बाबा फाटकाशीच थांबायला लागले. त्यांचं इंग्रजी तीन शब्दांचं होतं, बर्ड, बेबी, बॅक डोअर, आणि ते पुरत होतं. टपाल आणणारी बाई रोज विचारायची काय खबर. बाबा बोटांनी अंड्याचा आकार करायचे, हात छातीशी दुमडून पक्षीण बसल्याचं दाखवायचे. ज्या घरांच्या फाटकांशी ते ऑक्टोबरात एकटेच उभे राहायचे, त्या घरांतली माणसं आता कुत्रा फिरवताना आमच्याकडे थांबायला लागली. मी डायनिंग टेबलवर कॉलवर असायची आणि बाहेरून बाबांचा आवाज ऐकू यायचा, चांगला मोठा, मोकळा.

पक्षीण अंड्यांवर बसली की नर तिला खाणं आणून द्यायचा. हे शेजारच्या बाईंनी सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं, नाहीतर दोघंही दिसायला सारखेच. एके सकाळी चहाचे कप घेऊन आम्ही खिडकीशी बसलो होतो. नर आला, मान पुढे करून तिच्या चोचीत काहीतरी दिलं, आणि गेला. बाबा म्हणाले, "शेवटी शेवटी तिला मीच भरवायचो. वरण-भात. दुसऱ्या कुणाच्या हातून खायची नाही."

मला हे माहीत नव्हतं. आम्ही त्या आजारपणात दोनदा जाऊन आलो होतो, पण आम्ही असताना स्वयंपाक सगळा मीच करायची आणि ताट बाबा आत घेऊन जायचे, इतकंच मी पाहिलं होतं. मी विचारलं की त्यांना वरणात काय आवडायचं. बाबांनी सांगितलं, हिंग जास्त, आणि लिंबू वरून, आधी नाही. मग बराच वेळ ते सासूबाईंबद्दल बोलत राहिले. त्यात दुःखाचं फारसं नव्हतं. कराडच्या बाजारात त्या भाजीवाल्याशी कशा हुज्जत घालायच्या, असलं सगळं. माझा दहाचा कॉल मी साडेदहावर ढकलला.

मार्चच्या अखेरीला एक दिवस वादळी वारा सुटला. मी घरीच होते. दुपारी बाबांनी मला हाक मारली. पश्चिमेकडून वारा थेट दारावर येत होता आणि रीथ हुकावर झोके घेत होतं, करवंटी दारावर टकटक आपटत होती. पक्षीण आत दबून बसली होती, शेपटी तेवढी वर. असंच चाललं तर अंडी बाहेर पडतील, बाबा म्हणाले. ती बसलेली असताना जवळ जायचं नाही आणि ती उठेपर्यंत धीर निघत नाही, अशी गत झाली. बाबांनी इन्सुलेशन टेपचे तुकडे आधीच कापून कोटाच्या बाहीवर चिकटवून ठेवले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा चाचरत म्हणाले, दाराचा रंग खराब होईल.

मी म्हटलं, "होऊ दे. चिकटवा."

आम्ही मागून वळसा घेऊन बोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिलो. थंडी बोचत होती. बऱ्याच वेळाने पक्षीण उडाली आणि कुंपणाच्या झुडपात गेली. आम्ही दोघं पायऱ्या चढलो. मी दोन्ही हातांनी करवंटी खालून धरली. आत पाहण्याचा मोह मला आवरला नाही. फिक्या रंगावर विटकरी ठिपके असलेली अंडी होती, एकमेकांना चिकटून. बाबांनी रिंगण दाराला दाबून दोन्ही बाजूंना टेप लावली, मग खाली, मग पुन्हा आडवी. त्यांचे हात थंडीने लाल झाले होते पण एकही पट्टी वाकडी गेली नाही. "सोड," ते म्हणाले. मी सोडलं. रीथ हललं नाही.

घरात येऊन आम्ही खिडकीशी उभे राहिलो. पक्षीण येईना. मी केलेला चहा दोघांच्याही हातात तसाच निवला. शेवटी ती कठड्यावर आली, बराच वेळ मान वळवत राहिली, आणि मग आत शिरली. बाबा सोफ्यावर बसले आणि दोन्ही गुडघे चोळायला लागले. म्हणाले, आता जरा गरम चहा कर.

बाबांचा व्हिसा सहा महिन्यांचा. परतीचं तिकीट एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं होतं आणि ते पुढे ढकलता येणार नव्हतं. जायच्या काही दिवस आधी पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. खिडकीतून नुसत्या उघड्या पिवळ्या चोची दिसायच्या, आणि दोन्ही रॉबिन दिवसभर खेपा घालायचे. मुलगी शाळेतून आली की दप्तर पाठीवर ठेवूनच आजोबांकडून दिवसभराचा अहवाल घ्यायची.

नवऱ्याची ड्युटी होती म्हणून हीथ्रोला सोडायला मी निघाले. बाबांच्या हातावर दही ठेवलं ते स्वयंपाकघरात, आणि ते निघाले मागच्या दाराने, बॅगा आडव्या धरून, डबे चुकवत. शेजारच्या बाई कुंपणापाशी निरोप द्यायला उभ्या होत्या. बाबांनी फाटकाशी थांबून एकदा दाराकडे पाहिलं. पिल्लांचा चिवचिवाट चालला होता. मग गाडीत बसले आणि पट्टा लावता लावता मला म्हणाले, दार उघडायची घाई करू नका.

एम-फोर हायवेवर नेहमीसारखा ट्रॅफिक होता. मला त्याचं काही वाटलं नाही. बाबा सारखं काहीतरी सांगत होते. त्यांच्या पहिल्या पोस्टिंगचं गाव, तिथे खांबावर चढायला शिकवणारा फोरमन, लग्नाआधी सासूबाईंना बघायला ते सायकलवर गेले आणि वाटेत पंक्चर झाली ती गोष्ट. ती मी सासूबाईंकडून ऐकली होती, पण त्यांच्या गोष्टीत पंक्चर नव्हतं. मी तसं सांगितलं तर बाबा म्हणाले, तिला मी कधी सांगितलंच नाही. उशीर का झाला असं तिने विचारलं होतं, तर मी म्हटलं ऑफिसात काम होतं.

पिल्लं त्यानंतर आठवड्याभराने उडाली. एका शनिवारी सकाळी मुलीने ओरडून बोलावलं. एक पिल्लू करवंटीच्या काठावर होतं, दुसरं कठड्यावर, आणि एक खाली पायपुसण्यावर बसून आमच्याकडे बघत होतं, अंगभर ठिपके, छाती अजून तांबूस न झालेली. दुपारपर्यंत सगळी झुडपात गेली. बाईंच्या सांगण्यावरून आम्ही आणखी काही दिवस वाट पाहिली, आणि मग मी पुढचं दार उघडलं.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. मुलीने सगळं सांगितल्यावर त्यांनी मला विचारलं, टेप काढताना दाराचा रंग निघाला का. मी खरं सांगितलं, चांगले चार पट्टे निघालेत. त्यांनी मला फोन दाराजवळ धरायला लावला, नीट पाहिलं, कुठला पॉलिश पेपर आणायचा ते सांगितलं, आणि आधी ओल्या फडक्याने पुसून घे म्हणाले. मी ते अजून केलेलं नाही.

आधी बाबांचा फोन फक्त नवऱ्याला यायचा, रविवारी, ठरलेल्या वेळी. आता मधल्या वारांतही येतो, माझ्या जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच नंबरवर. काही विशेष काम नसतं. परवा त्यांनी वरण लावलं होतं आणि कुकरची शिट्टी होईना. मी त्यांना गॅसकेट काढून परत बसवायला सांगितलं. मग आम्ही दोघं, ते कराडला आणि मी इथे सँडविच खात, शिट्टी होईपर्यंत फोनवर थांबलो.